जुनी स्पोर्ट्स सेडान घेताना : गाडीआधी मागचा मालक तपासा

रायपूरच्या तेलीबांध्याहून बोलतोय. घरगुती गाड्यांवरचे भाग झाल्यापासून एक प्रश्न पुन्हा पुन्हा येतोय. नागपूरहून येतो, इंदूरहून येतो, बेळगाव-हैदराबादहूनही येतो. "काका, बारा लाखांची तयारी आहे. नवी छोटी एसयूव्ही घेऊ, की तेवढ्यात जुनी ऑक्टाव्हिया?" विचारणारा बहुधा पंचविशी-तिशीतला असतो, निम्मे पैसे कर्जाचे असतात, आणि उत्तर त्याने मनात आधीच ठरवलेलं असतं. माझ्याकडून त्याला फक्त 'घे' एवढंच ऐकायचं असतं.

मी 'घेऊ नको' म्हणणार नाही. चांगली राखलेली स्पोर्ट्स सेडान चालवण्यात जे सुख आहे ते नव्या छोट्या एसयूव्हीत नाही, हे मलाही कळतं. पण चुकीची गाडी गळ्यात पडली तर पहिल्या वर्षातच लाख-दोन लाख गॅरेजात जातात, हप्ते सुरूच राहतात, आणि घरचे म्हणतात ते खरं होतं. म्हणून आज जरा सविस्तर बोलू.

स्पोर्ट्स सेडान म्हणजे चार दारं, मागे वेगळी डिकी, रोज ऑफिसला नेता येईल अशी गाडी. पण इंजिन, ब्रेक आणि सस्पेन्शन नेहमीच्या गाडीपेक्षा वरच्या दर्जाचं. भारतात अशा गाड्यांची यादी फार लांब नाही, आणि त्यातल्या बऱ्याच आपल्या मराठी मुलखात तयार झाल्या. औरंगाबादजवळ, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरजवळ, शेंद्र्याला स्कोडाचा कारखाना २००१ पासून ऑक्टाव्हिया जोडू लागला. तिचीच टर्बो पेट्रोलची आरएस आवृत्ती पुढे आली. २०११ मध्ये १६० अश्वशक्तीची लॉरा आरएस आली. २०१७ मध्ये ऑक्टाव्हिया आरएस २३० आली, किंमत पंचवीस लाखांच्या आत. २०२० मध्ये आरएस २४५ आली, ती बाहेरून तयार होऊन, फक्त २०० गाड्या, छत्तीस लाखांच्या घरात. रांजणगावला फियाटची लिनिया टी-जेट बनली. चाकणला २०२२ पासून फोक्सवॅगन व्हर्टस बनते, तिची जीटी आता जुन्या बाजारात दिसायला लागली आहे. तिकडे तामिळनाडूतून ह्युंदाईची व्हर्ना टर्बो. मर्सिडीज-बीएमडब्ल्यूचा विषय वेगळा, त्यांचा खर्चही वेगळा, तो आज सोडून देऊ.

या गाड्या स्वस्त का मिळतात? कारण गाडीची किंमत वर्षागणिक उतरते, तिच्या सुट्या भागांची उतरत नाही. पंचवीस लाखांची गाडी आज दहा-बारा लाखांत मिळत असली तरी तिचा गिअरबॉक्स पंचवीस लाखांच्या गाडीचाच आहे. हे डोक्यात पक्कं असलं की पुढचं सगळं समजायला सोपं जातं.

माझी नोकरी लष्करात ईएमईमध्ये झाली, म्हणजे गाड्या, तोफा, रेडिओ दुरुस्त ठेवणाऱ्या शाखेत. तिथे प्रत्येक गाडीची कार डायरी असते. आज किती किलोमीटर चालली, कशासाठी, कोणी चालवली, किती इंधन घातलं, सगळं सहीनिशी. गाडी एका युनिटमधून दुसऱ्या युनिटमध्ये गेली तर डायरी तिच्याबरोबर जाते, आणि नवा माणूस गाडीला हात लावण्याआधी ती वाचतो. बाहेरच्या बाजारात गाडीबरोबर डायरी येत नाही, विक्रेता येतो. आणि तो म्हणतो, "सर, डॉक्टर मॅडम की गाड़ी है, घर से अस्पताल, बस." छत्तीसगडमध्ये डॉक्टर मॅडमांच्या किती गाड्या आहेत याची मोजदाद व्हायला हवी!

साधी जुनी गाडी घेताना गाडी पाहिली तरी पुष्कळ कळतं. वेगवान गाडीत तेवढ्याने भागत नाही, कारण ताकदवान इंजिन स्वतःचे दोष झाकतं. नव्वद अश्वशक्तीच्या गाडीची वीस अश्वशक्ती गेली तर गाडी रडते, चालवताना कोणालाही कळतं. १८० च्या गाडीची तीस गेली तरी छोट्या गाडीतून उतरलेल्या माणसाला ती विमानच वाटते. म्हणून मागच्या मालकाने तिला कसं वागवलं, हे शोधायचं. त्याचे पुरावे दोन ठिकाणी मिळतात : कागदांत आणि थंड इंजिनात.

कागदांपासून सुरुवात करू, कारण त्यासाठी गाडीपर्यंत जावंसुद्धा लागत नाही.

नोंदणी क्रमांक मिळाला की परिवहन खात्याच्या वाहन पोर्टलवर किंवा एमपरिवहन ॲपवर टाका. कितवा मालक, पहिली नोंदणी कधी, विमा कुठवर, फिटनेस कुठवर, कर्जाचा बोजा आहे का, हे दिसतं. ई-चलन वेगळं तपासा. चलनांचा उपयोग दंडाच्या रकमेपुरताच नाही. एकाच गाडीवर अतिवेगाची आठ-दहा चलनं असतील तर मालकाचा स्वभाव सरकारनेच लिहून ठेवलाय. चोरीची गाडी आहे का, हे राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या पोर्टलवर पाहता येतं. चेसिस आणि इंजिन क्रमांक आरसीशी स्वतः ताडून पाहा, फोटोवर विसंबू नका.

मग विम्याची पॉलिसी मागा, आणि तिच्यावरचा नो क्लेम बोनस बघा. माझ्या मते हा सगळ्यात कमी वापरला जाणारा पुरावा आहे. क्लेम न करता वर्षं गेली की हा बोनस २०, २५, ३५, ४५ आणि शेवटी ५० टक्के असा चढत जातो. क्लेम झाला की सामान्यतः शून्यावर येतो. आता गाडी सहा वर्षांची, मालक पहिलाच, "एक खरोंच भी नहीं है सर" असं छातीवर हात ठेवून सांगणं चाललंय, आणि पॉलिसीवर बोनस शून्य. मग तुम्ही फक्त एवढंच विचारायचं : क्लेम कशाचा होता? आणि गप्प बसायचं. समोरचा जे बोलेल ते ऐकायचं. हा बोनस मालकाचा असतो, गाडीचा नसतो, त्यामुळे तुम्हाला तो मिळणार नाही, हेही ध्यानात ठेवा.

सर्व्हिसच्या पावत्या हव्यातच. नुसते पुस्तकातले शिक्के नकोत, पावत्या. त्यांवर तारीख, किलोमीटर आणि कोणतं तेल घातलं ते असतं. किलोमीटरचा आकडा मागे फिरवणं आज फार सोपं झालंय, पण चार वर्षांपूर्वीच्या पावतीवर ६२,००० छापलेलं असेल आणि आज मीटर ५८,००० दाखवत असेल तर बोलणं तिथेच संपलं. मी तर दोन सर्व्हिसमधलं अंतर पाहतो. टर्बो पेट्रोल गाडीचं तेल वीस-वीस हजार किलोमीटर बदललेलं नसेल, तर बाहेरून ती कितीही चकाचक असो, मी उठतो.

तेलीबांध्याच्या आसपास आणि एकूणच रायपूरच्या जुन्या बाजारात एमएच पासिंगच्या गाड्या भरपूर. पुणे-मुंबईच्या शौकिनांनी दोन-तीन वर्षं वापरून विकलेल्या असतात. दिल्लीकडूनही गाड्या येतात, तिथल्या वयोमर्यादेच्या नियमांमुळे. परराज्यातली गाडी असेल तर मूळ आरटीओची एनओसी, म्हणजे फॉर्म २८, हवी. कर्ज असेल तर बँकेचं पत्र आणि फॉर्म ३५. हस्तांतराला फॉर्म २९ आणि ३०. बारा महिन्यांपेक्षा जास्त काळ गाडी दुसऱ्या राज्यात ठेवायची तर तिथला नंबर घ्यावा लागतो आणि तिथला रोड टॅक्सही भरावा लागतो. जुन्या राज्यातल्या टॅक्सचा परतावा मागता येतो, पण तो मिळायला वेळ लागतो आणि बरेचजण पाठपुरावाच करत नाहीत. सौदा करताना 'रोड टॅक्स कोणाचा' हे आधी ठरवा. आमच्या फौजी लोकांच्या बीएच मालिकेच्या गाड्याही आता बाजारात येत आहेत. त्यांचा टॅक्स एकदम पंधरा वर्षांचा न भरता टप्प्याटप्प्याने भरलेला असू शकतो. तुम्ही त्या मालिकेला पात्र नसाल तर राज्याचा नंबर आणि राज्याचा टॅक्स तुमच्या माथी येतो.

एक धोका विकणाऱ्यासाठीही आहे, आणि विकत घेणारा कधी ना कधी विकणारा होतोच. कोऱ्या फॉर्मवर सह्या करून गाडी डीलरच्या हवाली करायची पद्धत सगळीकडे आहे. गाडी चार हातांतून फिरते, नोंद पहिल्याच्याच नावावर राहते. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये अशाच एका प्रकरणात स्पष्ट केलं, की आरसीवर ज्याचं नाव आहे तोच अपघाताच्या भरपाईसाठी मालक धरला जाईल, गाडी त्याने कधीच विकली असली तरी. म्हणून आरसीवरच्या माणसाशी एकदा फोनवर का होईना, बोला. डीलर नंबर देत नसेल तर का देत नाही ते विचारा. खरा मालक भेटला की दहा मिनिटांत जे कळतं ते कुठल्याच यंत्राने कळत नाही. "तेल कुठलं घालत होतात?" या प्रश्नाला जो माणूस ग्रेडसकट उत्तर देतो, त्याची गाडी बघायला जा.

आता थंड इंजिन.

आदल्या दिवशीच सांगून ठेवा, की गाडी सकाळी बघणार आणि माझ्यासमोर सुरू करायची. पोहोचलात की आधी बोनेटवर हात ठेवा. कोमट असेल तर कोणीतरी आधीच सुरू करून ठेवलेली आहे. हे आळशीपणाने होत नाही, हेतूने होतं. चहा प्या, गावात चक्कर मारा, चार तासांनी परत या.

थंड इंजिन सुरू होताना पहिल्या तीन-चार सेकंदांत कान द्या. लॉरा आरएस आणि त्या काळातल्या १.८ टीएसआय इंजिनांत टायमिंग चेन ताणून धरणारा टेन्शनर कमकुवत असल्याचं जगभर गाजलेलं आहे. सुरू करताच साखळी डब्यात हलवल्यासारखा खडखडाट आला आणि मग थांबला, तर तोच तो. मालक म्हणेल, "सकाळी सगळ्याच गाड्या करतात." करत नाहीत. चेन एक दात सरकली तर पिस्टन आणि व्हॉल्व एकमेकांवर आपटतात, आणि मग दुरुस्तीची भाषा हजारांत राहत नाही. पहिल्या पिढीची ऑक्टाव्हिया आरएस, लिनिया टी-जेट किंवा नव्या व्हर्टसचं १.५ इंजिन यांत चेनऐवजी पट्टा आहे. जुन्या गाड्यांत तो कधी बदलला, त्याची पावती मागा. पावती नसेल तर बदललेला नाही असंच धरा आणि तेवढे पैसे किमतीतून वजा करा.

सुरू होताच मागे जाऊन धूर बघा. हिवाळ्यात पांढरी वाफ येते आणि विरते, तिची काळजी नको. निळसर धूर म्हणजे तेल जळतंय. याच १.८ इंजिनांच्या काही वर्षांच्या गाड्यांत पिस्टन रिंगमुळे तेल पिण्याची तक्रार होती. कंपनीच्या पुस्तकातच हजार किलोमीटरला अर्ध्या लिटरपर्यंत तेल लागू शकतं असं लिहिलेलं असतं, त्यामुळे "कंपनी म्हणते नॉर्मल आहे" हे उत्तर तयार असतं. मला ते पटत नाही. डिपस्टिक काढून पाहा. पातळी तळाशी असेल तर मालकाला एक तर माहीत नाही, नाही तर पर्वा नाही. दोन्ही आपल्याला नको आहेत. मागे टर्बो गाडीच्या सायलेन्सरच्या तोंडात बोट फिरवलं तर थोडी कोरडी काजळी लागणारच. तेलकट, चिकट थर लागला तर सावध व्हा.

टर्बो म्हणजे काय, हे दोन वाक्यांत. सायलेन्सरकडे जाणाऱ्या तप्त धुराने एक छोटा पंखा फिरतो, मिनिटाला लाखाच्या वर फेरे, आणि त्याच दांड्यावरचा दुसरा पंखा इंजिनात हवा कोंबतो. त्या दांड्याला आधार फक्त तेलाच्या पातळ थराचा. थंड इंजिन सुरू करताच ज्याने ॲक्सिलरेटर तळाला दाबला, किंवा हायवेवर दोन तास ताणून ढाब्यावर पोहोचताच किल्ली काढली, त्याने तो थर जाळला. जळालेल्या तेलाचा कोळसा होतो आणि दांड्याला खेळ येतो. चाचणीत जोर घेताना सायरनसारखी चढती शीळ ऐकू आली, तर टर्बो तपासून घेतल्याशिवाय पुढे जाऊ नका. हलका 'फुस्स' आवाज असतोच, त्याला घाबरू नका.

थेट सिलिंडरमध्ये पेट्रोल फवारणाऱ्या या इंजिनांची आणखी एक खोड आहे. जुन्या पद्धतीत पेट्रोल इनटेक व्हॉल्ववरून वाहायचं आणि ते धुऊन निघायचे. आता पेट्रोल तिथे पोहोचतच नाही, त्यामुळे व्हॉल्वच्या पाठीवर काजळी साठते. सत्तर-ऐंशी हजारांनंतर थंडीत इंजिन लंगडतं, जोर कमी होतो. हा रोग मोठा नाही. अक्रोडाच्या कवचाचा भुगा हवेच्या दाबाने मारून साफ करतात. पण ते करणारा माणूस तुमच्या गावात आहे का, हे आधी शोधा. रायपूरला काही कामांसाठी आजही नागपूर गाठावं लागतं, म्हणजे एका बाजूने जवळपास तीनशे किलोमीटर.

गिअरबॉक्सकडे वळू, कारण सगळ्यात मोठं बिल तिथेच येतं. डीएसजी या एकाच नावाखाली दोन वेगळ्या जाती विकल्या गेल्या. आरएस २३० मध्ये सहा गिअरचा, तेलात बुडालेल्या क्लचचा डीएसजी आहे. दणकट, फक्त साठ हजार किलोमीटरला तेल आणि फिल्टर बदलावा लागतो, त्याची पावती बघा. नेहमीच्या ऑक्टाव्हिया १.८ मध्ये आणि व्हर्टस जीटीत सात गिअरचा कोरड्या क्लचचा आहे. हा डीक्यू २०० नावाचा गिअरबॉक्स २५० न्यूटन-मीटर टॉर्कपर्यंतच झेपेल असा बनवलाय, आणि ऑक्टाव्हिया १.८ चं इंजिन बरोबर २५० देतं. म्हणजे गाठोड्यात जागाच शिल्लक नाही. आता कल्पना करा, मागच्या मालकाने संगणक 'रिमॅप' करून इंजिनाचा टॉर्क ३०० च्या पुढे नेला, दोन वर्षं मजा केली, आणि विकण्याआधी पुन्हा मूळ सॉफ्टवेअर टाकलं. गाडी दिसायला कंपनीची, आतून थकलेली.

हा रिमॅप ओळखायचा कसा? बोनेटखाली बाहेरचा एअर फिल्टर, बदललेला डाउनपाइप, नेहमीपेक्षा जाड आवाजाचा सायलेन्सर दिसला तर सरळ विचारा. ते काढून मूळ भाग परत बसवले असतील तर नटांवरचे पान्याचे ताजे ओरखडे बोलतात. अधिकृत वर्कशॉपला संगणक लावला तर सॉफ्टवेअरला हात लागल्याची खूण बऱ्याचदा सापडते. आणि फेरफार केलेली गाडी मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मध्येही अडकते, विम्याच्या क्लेमलाही अडकते. माझा रिमॅपला तात्त्विक विरोध नाही, पण तो पैसा आणि तो धोका मी दुसऱ्याच्या हातून विकत घेणार नाही.

स्वतःजवळ ओबीडी स्कॅनर असू द्या, हजार-दोन हजारांत ब्लूटूथचा मिळतो. फॉल्ट कोड तर तो दाखवतोच, पण तुम्ही आणखी एक आकडा बघा : कोड पुसल्यापासून गाडी किती किलोमीटर चालली. तो आकडा बारा किंवा पंधरा निघाला, तर काल संध्याकाळी कोणीतरी डॅशबोर्डवरचा दिवा विझवलाय. कोड शून्य असल्याचा आनंद तिथेच आवरा.

आता अपघात आणि पूर, या दोन गोष्टींवर मी थोडा जास्त वेळ घेणार आहे, कारण त्यात पैसाच नाही, जीवही जातो.

गेल्या वर्षी भिलाईहून एका ओळखीच्या मराठी कुटुंबाचा मुलगा आला होता. तेलीबांधा तलावापासून फार लांब नाही अशा एका आवारात त्याने काळ्या रंगाची एक सेडान पसंत केली होती. रंग आरशासारखा, आतून अत्तराचा वास, किंमत बाजारापेक्षा दीड लाखाने कमी. टोकन द्यायलाच निघाला होता, वडिलांनी अडवून माझ्याकडे पाठवला. मी गाडीत बसलो आणि किल्ली फक्त 'ऑन' केली, इंजिन सुरू केलं नाही. अशा वेळी डॅशबोर्डवरचे सगळे दिवे लागतात. एअरबॅगचा दिवाही काही सेकंद लागतो, आणि त्याचा त्याचा विझतो. इथे तो तेलाच्या दिव्याबरोबर लागून राहिला आणि इंजिन सुरू होताच त्याच्याबरोबरच विझला. म्हणजे दोन दिव्यांच्या तारा एकत्र जोडलेल्या. पुढच्या डाव्या सीटचा पट्टा हळू ओढला तरी अडखळत होता. डॅशबोर्डच्या डाव्या बाजूचं प्लास्टिक उजव्या बाजूपेक्षा किंचित गुळगुळीत. एअरबॅग उघडून गेली होती आणि तिच्या जागी काहीच नव्हतं. विकणाऱ्याने शांतपणे सांगितलं, "सर, वो तो हमको भी ऐसे ही मिली थी." मुलगा घरी परत गेला. त्या गाडीचं पुढे काय झालं मला ठाऊक नाही, पण बहुधा कोणीतरी आज ती चालवतो आहे.

तेव्हा एअरबॅगचा दिवा : लागला पाहिजे, एकटा विझला पाहिजे. याला दहा सेकंद लागतात.

अपघाताच्या बाकीच्या खुणा बऱ्याच जणांना माहीत असतात. दारांच्या फटी दोन्ही बाजूंना सारख्या आहेत का, बोनेटचे बोल्ट पाना लागून रंग उडालेले आहेत का, दाराचं रबर ओढून खालचे स्पॉट वेल्ड गोल आणि एकसारखे आहेत का. रंगाची जाडी मोजायचं यंत्र मिळालं तर कंपनीचा रंग साधारण शंभर ते दीडशे मायक्रॉन दाखवेल; तीनशेच्या पुढे आकडा गेला की आत पुट्टी आहे. एखादा बंपर किंवा एक दार रंगवलेलं असणं गुन्हा नाही, आपल्या शहरांत ते चालायचंच. छत, खांब आणि पुढचे मुख्य चेसिसचे भाग यांना मात्र हात लागलेला नको. काचांवर वर्षाची खूण असते. एकच काच वेगळ्या वर्षाची निघाली तर तिची गोष्ट विचारा.

पुराचं म्हणाल तर कोल्हापूर-सांगलीत २०१९ ला पाणी भरलं, चिपळूणला २०२१ ला, आणि २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे नागपुरात नाग नदी आणि अंबाझरीचं पाणी वस्त्यांत शिरलं, तेव्हा शेकडो गाड्या बुडाल्या. नागपूर आम्हाला एका रात्रीच्या ड्रायव्हिंगवर. अशा गाड्या धुऊन-पुसून दुसऱ्या राज्यात निघतात. सीट बेल्ट शेवटच्या टोकापर्यंत बाहेर ओढा. धुताना कोणी तिथवर जात नाही, मातीची रेघ राहते. स्टेपनी काढून खालचा खड्डा बघा. सीटच्या खालचे बोल्ट गंजलेत का ते मोबाइलच्या उजेडात बघा. या गाड्यांत बरीच वायरिंग आणि संगणकाचे डबे गालिच्याखाली असतात. बुडालेली साधी गाडी सुकते, ही गाडी सहा महिन्यांनी एकेक बिघाड बाहेर काढते, आणि कोणाला कारण सापडत नाही.

चाचणीचा फेरा दहा मिनिटांचा नको, तासाभराचा हवा. रायपूरमध्ये माझा मार्ग ठरलेला आहे. आधी जीई रोडच्या गर्दीत वीस मिनिटं, सरकत-थांबत. डीएसजी असेल तर पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये थरथर येते का, रिव्हर्स टाकल्यावर क्षणभर विचार करते का, ते इथेच कळतं. मे महिन्यात दुपारी पंचेचाळीसच्या उन्हात हे केलंत तर एसी, कूलंट आणि गिअरबॉक्स तिघांचीही परीक्षा एकदम होते. आमचं शहर सपाट आहे, चढ मिळत नाही. मी मॉलच्या तळघरातल्या पार्किंगचा उतार वापरतो. चढावर थांबून पुन्हा निघताना गाडी धक्का देता कामा नये.

मग व्हीआयपी रोडने नवा रायपूरकडे. तिथले रस्ते रुंद आणि सरळ. वेग काढायचा मोह होतो. काढू नका, गाडी अजून तुमची नाही आणि तिच्या ब्रेकवर तुमचा भरवसा नाही. मॅन्युअल गाडी असेल तर चौथ्या गिअरमध्ये कमी वेगात ॲक्सिलरेटर पूर्ण दाबा. आरपीएमचा काटा उडी मारून वर गेला आणि वेग मागे राहिला, तर क्लचप्लेट संपली. ऐंशीच्या वेगातून, मागे कोणी नाही हे पाहून, जोरात ब्रेक लावा : स्टिअरिंग थरथरलं तर डिस्क वाकडी, एका बाजूला ओढलं तर आणखी शोध घ्या. सरळ रस्त्यावर स्टिअरिंगची पकड सैल करा आणि गाडी कुठे जाते ते बघा. परतीला खराब रस्त्याचा एक तुकडा मुद्दाम घ्या, काचा बंद, रेडिओ बंद. शॉकअप आणि बुश काय म्हणतात ते ऐकू येतं.

उतरल्यावर टायर. बाजूला कोरलेले शेवटचे चार आकडे बघा. २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. चारही एकाच कंपनीचे, एकाच वयाचे असतील तर मालक समंजस होता. पुढे एक, मागे दुसरा, त्यात एक कुठला तरी स्वस्त, असा मेळ असेल तर ज्याने टायरवर पैसे वाचवले त्याने तेलावर खर्च केला असेल का? सतरा-अठरा इंची अलॉय चाकं आपल्या खड्ड्यांत वाकतात आणि चिरतात, आतल्या बाजूने बघा. पेट्रोलच्या झाकणाच्या आत चिकटवलेला कागदही वाचा. किती ऑक्टेनचं पेट्रोल लागेल, इथेनॉल किती चालेल ते त्यावर असतं. आता पंपावर वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल येतं, आणि यातल्या जुन्या गाड्या त्यासाठी बनलेल्या नाहीत. इंधनाचे रबरी पाइप नरम पडलेत का हे मेकॅनिककडून बघून घ्या.

किंमत ठरवताना माझा हिशेब असा आहे : बारा लाखांची तयारी असेल तर दहाच्या वरची गाडी बघू नका. उरलेल्या दोनातून पहिल्याच महिन्यात इंजिनाचं, गिअरबॉक्सचं, ब्रेकचं तेल, कूलंट, प्लग, सगळे फिल्टर आणि लागले तर टायर हे करायचं. राहिलेले पैसे वर्षभर हात न लावता ठेवायचे. टोकन रोख देऊ नका. खात्यावर द्या, आणि 'वर्कशॉपच्या तपासणीत दोष निघाल्यास परत' हे वाक्य लिहून घ्या. हे वाक्य लिहायला जो तयार नाही त्याला तपासणीचा निकाल आधीच माहीत असतो. तपासणी त्याच ब्रँडच्या अधिकृत वर्कशॉपमध्ये पैसे भरून करा, विक्रेत्याच्या ओळखीच्या गॅरेजात नव्हे.

गाडी नावावर झाल्यावर चौदा दिवसांच्या आत विमा कंपनीला कळवून पॉलिसी स्वतःच्या नावावर करून घ्या. तोवर ती दाराशी उभी राहू द्या. मित्रांना चक्कर मारायची घाई असते, त्यांना चहा पाजा.